इस्त्रीबाईचा आवाज

व्यसनमुक्तीच्या वॉर्डातले लोक तिला इस्त्रीबाई म्हणत. तोंडावर अर्थातच नाही. तोंडावर सगळे ताईच म्हणत, आणि तेही जरा सांभाळून, कारण ताईने नुसतं चष्म्यावरून बघितलं तरी भलेभले खुर्चीत नीट बसायचे. इस्त्री हे नाव तिच्या आवाजाचं. त्या आवाजाला एक चुणी नव्हती. समोरचा माणूस हसला, रडला, शिव्या देऊन उठून गेला आणि परत येऊन बसला, तरी ताईचा पुढचा प्रश्न आधीच्याच पट्टीत यायचा. तिच्या नवऱ्याचं म्हणणं असं, की लग्नाला होकारसुद्धा तिने याच आवाजात दिला होता आणि तो होकार होता की नकार हे कळायला त्याला दोन दिवस लागले.

हा आवाज तिने कमावला होता बसस्थानकावर. काचेच्या एका खोलीत बसून कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागली ते सांगायचं, हे तिचं तरुणपणापासूनचं काम. उशीर झालेल्या गाडीची घोषणा ती अशी करायची की ऐकणाऱ्याला वाटावं, गाडी वेळेवर आली असती तरच काहीतरी बिघडलं असतं. पुढे तिथे यंत्र बसवलं. यंत्राला पगार नको, रजा नको, सर्दी होत नाही. साहेबांनी निरोपाचं भाषण केलं, त्यात तिचं नाव चुकवलं, आणि ताई घरी आली.

घरी बसणं तिच्या स्वभावात नव्हतं. मोठ्या रुग्णालयातल्या व्यसनमुक्ती विभागात 'स्पष्ट आणि सपाट आवाजात वाचता येणारी व्यक्ती' हवी आहे असं कळल्यावर ती दुसऱ्या दिवशी तिथे हजर झाली. तिथल्या मॅडमनी तिच्याकडून एक पान वाचून घेतलं आणि डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाल्या, अगदी असंच हवंय, यात तुम्ही कुठेच नाही आहात. दुसऱ्या कोणाला हे ऐकून वाईट वाटलं असतं. ताईला वाटलं, आपण बरोबर जागी आलो.

काम वरवर सोपं होतं. दारू सोडायला आलेल्या माणसांना समोर बसवायचं आणि एकेका कार्डावरचा प्रश्न वाचायचा. आज थोडे पैसे घ्याल, की महिनाभर थांबून जास्त घ्याल? आजचे जरा वाढवले तर? थांबण्याचे दिवस वाढवले तर? मग दुसरा गठ्ठा. बाटलीचा भाव अमुक असेल तर एका संध्याकाळी किती घ्याल? भाव चढला तर किती? प्रत्यक्षात पैसेही नव्हते आणि बाटलीही नव्हती. सगळा मनातल्या मनातला बाजार. पण माणूस कुठल्या पायरीवर धीर सोडतो त्यावरून मॅडम कागदावर एक उतरती रेघ काढत, आणि त्या रेघेतून एक आकडा. ज्याला व्यसनाने पक्कं धरलंय त्याला 'आज' फार मोठा दिसतो आणि 'उद्या' फार बारका, असा त्यामागचा हिशेब. आणि या आकड्यावर विसंबता येतं का, हाच मॅडमचा मुख्य प्रश्न होता. त्याच माणसाला काही आठवड्यांनी तेच विचारलं तर तोच आकडा येतो का? शिंप्याच्या टेपने एकदा मापलं तर सदरा घट्ट आणि पुन्हा मापलं तर सैल, असं होत असेल तर ती टेप काय कामाची, असं मॅडम समजावून सांगत. म्हणून वाचणाऱ्याने स्वतःचं काहीही त्यात घालायचं नाही. भुवई उचलायची नाही, मान हलवायची नाही, 'अरे वा' म्हणायचं नाही.

ताईने ते काम इतकं मनावर घेतलं की घरी भाजी आणायला सांगतानाही तिची भुवई हलेनाशी झाली. पुढे काम वाढलं तेव्हा दोन मुली ठेवल्या आणि त्यांना तयार करायचं काम ताईकडे आलं. तिची शिकवण्याची पद्धत एकच. शेजारी बसा, ऐका, आणि माझ्यासारखं होईपर्यंत वाचा. काही महिन्यांत त्या पोरी अशा तयार झाल्या की खोलीबाहेरून ऐकणाऱ्याला आत कोण वाचतंय ते कळू नये. मॅडम कौतुकाने म्हणायच्या, आपल्याकडे तीन वाचणाऱ्या आहेत पण आवाज एकच आहे. आणि आकडे तर इतके छान जुळत की मॅडमना बाहेरच्या परिषदांमधून बोलावणी येऊ लागली.

ताईला धाकटा भाऊ होता. बारक्या. दारातून येताना त्याला वाकावं लागायचं इतका उंच, पण नाव पाळण्यात असताना पडलं ते पडलं. आई गेली तेव्हा तो शाळेतसुद्धा जात नव्हता. त्याला भरवणं, रागावणं, झोपवणं सगळं ताईने केलं, त्यामुळे तो तिला बहीण कमी आणि घरातलं सरकार जास्त समजायचा. मोठा होऊन तो क्रेन चालवायला लागला. उंच मनोऱ्यावरची क्रेन, शिडीने चढायचं, काचेच्या डब्यात बसायचं आणि खालची माणसं मुंग्यांएवढी बघत दिवस काढायचा. त्याच कामावर खाली ताईचा नवरा होता. माल हुकाला अडकवायचा आणि हाताच्या खुणांनी वरच्याला सांगायचं, उचल, थांब, सोड. वर मेहुणा, खाली भाऊजी. दोघांचं इतकं जमायचं की खुणा करताना ते एकमेकांची थट्टासुद्धा करून घ्यायचे.

हे काम चालू होतं रुग्णालयाच्याच नव्या इमारतीचं. ताईच्या प्रश्नांच्या खोलीची खिडकी त्या बाजूला होती. दुपारी क्रेनचा हात फिरला की त्याची सावली टेबलावरून सरकत जायची आणि मागोमाग लटकणाऱ्या मालाची. समोरचा पेशंट क्षणभर वर बघायचा. ताई बघायची नाही. वर कोण आहे हे तिला माहीत होतं, आणि तो पितो हेही हळूहळू माहीत व्हायला लागलं होतं.

आधी कामावरून सुटल्यावर, मग जेवणाच्या सुट्टीत, असं ते वाढत गेलं. एका दुपारी सळ्यांची जुडी नीट तोलली न जाता वरून सुटली आणि भाऊजींच्या खांद्याला वारा लागावा इतक्या जवळ येऊन आदळली. कोणाला काही झालं नाही. बारक्या खाली उतरला, आवारातून चालत थेट ताईच्या विभागात आला आणि म्हणाला, मला इथे ठेवून घ्या. भाऊजी त्याला भेटायला गेला तेव्हा म्हणाला, अरे, मला मारायचंच होतं तर घरी जेवताना मारायचंस, एवढं लोखंड कशाला वाया घालवलंस. बारक्या हसला नाही. भाऊजीही फार हसला नाही.

उपचार झाले. महिने गेले. बारक्या ताईच्याच घरी राहू लागला, पहाटे उठून पाणी भरू लागला, चेहऱ्यावर मांस आलं. नात्यातल्या माणसाला स्वतः विचारायचं नाही असा नियम, म्हणून त्याच्या प्रश्नांच्या दोन्ही फेऱ्या ताईने तयार केलेल्या मोठ्या मुलीने घेतल्या. दोन्ही वेळा आकडा उत्तम, आणि मुख्य म्हणजे दोन्ही वेळा जवळजवळ तोच. मॅडमनी दोन्ही रेघा एकीवर एक ठेवून ताईला दाखवल्या. एक रेघ दुसरीखाली झाकली गेली होती. त्या दिवशी ताई घरी जाताना मोठ्याने गुणगुणली, असं शिपाई सांगतो. पण त्याच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही.

आता बांधकामाच्या मॅनेजरला बारक्या परत हवा होता, कारण बदली आलेला माणूस उंचीला घाबरायचा. पण त्याला कागद हवा होता. तुमचं ते माप आहे ना, ते लिहून द्या, म्हणाला. मॅडम तयार नव्हत्या. त्यांचं म्हणणं, हे माप माणसांच्या गटासाठी आहे. शंभरांपैकी कोणत्या बाजूला कल आहे ते सांगतं, एक माणूस उद्या काय करेल ते सांगत नाही. मॅनेजर म्हणाला, बरं, तेही लिहा. मॅडमनी तेही लिहिलं, ठळक अक्षरात. मॅनेजरने आकडा वाचला आणि बाकीचा कागद घडी घालून खिशात ठेवला. सोमवारपासून बारक्याने वर चढायचं ठरलं.

शुक्रवारी घरात जेवण रंगलं होतं. बारक्या फॉर्मात होता. त्याने पाण्याचा पेला माइकसारखा तोंडापुढे धरला आणि ताईची नक्कल सुरू केली. आधी बसस्थानकाची, मग प्रश्नांची. 'आज थोडे पैसे घ्याल, की महिनाभर थांबून... जास्त घ्याल?' हुबेहूब. भाऊजीला ठसका लागला. ताईसुद्धा हसली, आणि मग तिच्या लक्षात आलं की मधेच तो किंचित थांबला होता. तो थांबा कार्डावर नव्हता.

"हे मधे काय थांबलास?" तिने विचारलं.

"मी कुठे थांबलो, तू थांबतेस," बारक्या म्हणाला. "तुझ्या पोरीही थांबतात. चांगल्या उत्तराच्या आधी. अख्ख्या वॉर्डाला माहीत आहे गं. नवा माणूस आला की पहिल्याच दिवशी त्याला सांगतात, डोकं चालवू नकोस, इस्त्रीबाई श्वास घेईल तिथलं उत्तर घे."

तो पुढेही बोलत होता. ताईच्या हातातला घास हातातच राहिला. बसस्थानकावर हे तिला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. फलाटाचा आकडा सांगण्याआधी कणभर थांबायचं, म्हणजे लोक कान टवकारतात आणि आकडा चुकत नाही. इतकी वर्षं ती महत्त्वाच्या गोष्टीआधी थांबत आली होती. पण प्रश्नांच्या कार्डात महत्त्वाचं काय हे तर कोणीच ठरवलं नव्हतं. ते तिने ठरवलं होतं, तिच्याही नकळत. समोरच्या त्या पडेल चेहऱ्याच्या माणसाने थांबावं, आजचं सोडून पुढचं निवडावं, अशी तिला आतून इच्छा असायची, आणि ती इच्छा श्वासातून बाहेर पडत होती.

शनिवारी ती विभागात एकटीच गेली आणि तपासणीसाठी ठेवलेली ध्वनिमुद्रणं ऐकत बसली. कानाला यंत्र लावून स्वतःचा आवाज ऐकताना पहिल्यांदा तिला तो थांबा ऐकूच येईना, कारण तो तिचा होता. मग एकदा ऐकू आला आणि नंतर ऐकू येणं बंद होईना. पर्याय उलटसुलट लावले होते, कधी थांबण्याचा आधी, कधी आजचा आधी. तरी थांबा बरोबर थांबण्याच्याच पर्यायाआधी, आणि बाटलीच्या गठ्ठ्यात चढलेल्या भावाआधी. दोन्ही मुलींचं तेच. त्यांनी ताईचं वाचणं उचललं होतं, त्यात हेही आलं होतं. शेवटी तिने बारक्याच्या दोन्ही फेऱ्या लावल्या. जिथे मुलगी थांबली तिथे बारक्या होता. एकही जागा सुटली नव्हती. म्हणून त्या दोन रेघा एकीखाली एक झाकल्या गेल्या होत्या. टेप दोन्ही वेळा तेच दाखवत होती हे खरं होतं. फक्त ती बारक्याच्या अंगाला लावलीच नव्हती.

 खिडकीबाहेर क्रेन उभी होती, सुट्टीचा दिवस म्हणून रिकामी, आणि हुक वाऱ्याने सावकाश फिरत होता. सोमवारी त्याला वजन असणार आणि त्याखाली तिचा नवरा असणार. बारक्याबद्दल आपल्याला काय माहीत आहे, असं तिने स्वतःला विचारलं, आणि उत्तर आलं, काही नाही. खरं म्हणजे तिला पुष्कळ माहीत होतं. तो पहाटे उठतो, त्याची भूक परत आली आहे, संध्याकाळी तो भाऊजीबरोबर कॅरम खेळतो आणि हरला की चिडतो. पण इतकी वर्षं आकड्यांच्या खोलीत काढल्यावर या गोष्टी तिला माहितीत धरण्यासारख्या वाटल्या नाहीत.

नवऱ्याला तिने सांगितलं. तो म्हणाला, त्यात काय एवढं, मी रोज सकाळी आणि जेवणानंतर त्याचं तोंड हुंगत जाईन. ती म्हणाली, हसण्यावारी नेऊ नका. तो म्हणाला, मी हसत नाहीये, माझं डोकं आहे खाली. पण तो इतक्या साधेपणाने म्हणाला की ताईला ते बोलणं बिनवजनाचं वाटलं.

रविवारी दुपारी तिने कार्डं घरी आणली. हे नियमाच्या बाहेर होतं. नियम आता कशाला पाळायचे ते तिला कळत नव्हतं. आधी न्हाणीघरात दार लावून ती नळ सोडून वाचत राहिली, थांबा निघून जाईपर्यंत. शेवटी तिला युक्ती सापडली. श्वास पूर्ण सोडून मग वाचायचं, म्हणजे मधे घ्यायला श्वासच उरत नाही. मग तिने बारक्याला स्वयंपाकघरात बोलावलं. म्हणाली, सहज, एकदा बघू.

बारक्या खुर्ची उलटी करून तिच्यावर बसला, हसत. पहिल्या प्रश्नाला त्याने सवयीने वाट पाहिली. थांबा आला नाही. त्याने मान वर केली. दुसऱ्याला तो थोडा गोंधळला. तिसऱ्यापासून तो म्हणू लागला, आज. आज. आज. थांबण्याचे दिवस कमी केले तरी आज, पैसे दुप्पट केले तरी आज. बाटलीच्या गठ्ठ्यात तर भाव चढत गेला तरी त्याने आकडा खाली आणला नाही. बोलताना तो तिच्या ओठांकडे बघत होता, जत्रेत हात सुटलेलं पोर माणसांच्या तोंडाकडे बघतं तसा. ताईने शेवटचं कार्ड ठेवलं. रेघ काढायची गरज नव्हती. असल्या उत्तरांची रेघ कशी कोसळते ते तिने इतक्या वेळा पाहिलं होतं की ती तिला टेबलावरच दिसत होती.

"कसं झालं?" त्याने विचारलं.

"ठीक," ती म्हणाली. तिचा आवाज पूर्ण सपाट होता, आणि त्याने तिच्यावर विश्वास ठेवला.

सोमवारी ती मॅडमच्या दाराशी त्यांच्याही आधी उभी होती. सगळं सांगितलं, ध्वनिमुद्रणं ऐकवली. मॅडम ऐकत गेल्या तसा त्यांचा चेहरा उतरत गेला. परिषदा, निबंध, वर्षांची मेहनत, सगळं त्यांच्या डोळ्यांसमोरून जात असणार. पण बाई सरळ होत्या. त्यांनी ताईला दोष दिला नाही. एवढंच म्हणाल्या, आकडे इतके जुळत होते तेव्हाच मला शंका यायला हवी होती. माणसं इतकी जुळत नाहीत.

मग ताईने रविवारच्या उत्तरांचं सांगितलं आणि म्हणाली, त्याला वर चढू देऊ नका.

मॅडमनी ध्वनिमुद्रणाचं यंत्र बंद केलं. मग म्हणाल्या, "ताई, पहिलं माप चुकलं म्हणून दुसरं बरोबर ठरत नाही. तुम्ही त्याची बहीण. घरातलं टेबल. आदल्या दिवशीची धाकधूक. त्यातून आलेल्या उत्तरांवर मी कोणाबद्दल काही म्हणणार नाही. मला एवढंच म्हणता येईल, की आम्हाला माहीत नाही."

"मॅडम, माझा नवरा खाली उभा असतो," ताई म्हणाली.

मॅडमनी फोन उचलला. मॅनेजरला त्या हेच सांगत होत्या, की आमचा कागद कुठल्याही बाजूने धरू नका, तो चांगलाही धरू नका आणि वाईटही. ताईला पलीकडचं बोलणं ऐकू येत नव्हतं, पण मॅडम दोनदा 'तसं नाही, तसं नाही' म्हणाल्या तेव्हा तिला कळलं की पलीकडच्याने एकच शब्द ऐकला आहे, नापास. मॅडमनी पुन्हा सांगायला सुरुवात केली, पण फोन बंद झाला होता.

खिडकीतून दिसत होतं. बारक्या शिडी चढायला लागला होता. बराच वर गेला होता. खालून कोणीतरी हाका मारल्या, हात हलवले. तो थांबला, खाली बघितलं, आणि मग एकेक पायरी उतरू लागला. चढताना चपळ दिसलेला माणूस उतरताना म्हातारा दिसत होता. खाली सगळे कामगार काम सोडून बघत उभे होते. मॅनेजर काहीतरी बोलला, छोटंसं. बारक्याने डोक्यावरची टोपी काढून त्याच्या हातात दिली. भाऊजी हातमोजे घालून तसाच उभा होता, खूण करायला माणूस न उरल्यासारखा.

ताई घरी पोचली तेव्हा तो स्वयंपाकघरात बसला होता. चहा करून समोर ठेवला होता, प्यायला नव्हता. काय झालं ते तिने सगळं सांगितलं, स्वतःचा बचाव न करता. थांबा, ध्वनिमुद्रणं, रविवार, फोन.  तिचं संपल्यावर त्याने विचारलं, "रविवारी मी 'आज' म्हणालो म्हणून?"

"सगळीकडे 'आज' म्हणालास," ती म्हणाली.

"मग काय म्हणणार? मला नंतरचं कधी कोणी दिलंय, ताई? ठेकेदार नंतर म्हणाला की गेलेच ते पैसे. क्रेनवरच्या कोणालाही विचार. हातात आलं तेच आपलं. वॉर्डात तुझा श्वास ऐकून बोललो, रविवारी माझ्या मनाने बोललो, बस."

"आणि बाटलीचं?"

"भाव विचारतेस? मी दुकानातच जात नाही, मला भाव काय माहीत. तोंडाला येईल ते सांगितलं." तो उठला. आवाज चढला नव्हता. "वरून उतरून तुझ्याकडे आलो त्या दिवसापासून एक थेंब घेतलेला नाही. तुझ्या घरात झोपतो. तुझ्यासमोर जेवतो. तू मला विचारायचंस ना. कार्ड न घेता."

ताईला बोलायचं होतं. कधी नव्हे ते तिच्या आवाजाला चुण्या पडल्या, आणि तेवढ्यात तो दारातून वाकून बाहेर गेला. ती मागे धावली नाही. तिला अजूनही वाटत होतं, आधी नीट वाक्य जुळवावं आणि मग हाक मारावी. वाक्य जुळेपर्यंत गल्ली रिकामी झाली होती.

नवरा लवकर आला. काम बंद ठेवलं होतं. उंचीला घाबरणाऱ्या माणसाला पुन्हा बोलावणं गेलं होतं. तो हातपाय न धुता बसला. म्हणाला, सकाळी मी त्याला हुंगलं होतं. टूथपेस्टचा वास होता. तो रागावला असता तर बरं झालं असतं असं ताईला वाटलं. दोघं आळीपाळीने दारात जाऊन येत राहिले. कुठे शोधायचं हे दोघांना माहीत होतं, आणि तिथे जाऊन तो खरंच सापडला तर, या भीतीने दोघांचे पाय निघत नव्हते.

दिवेलागणीला बारक्या आला. दाराची कडी त्याला पहिल्यांदा सापडली नाही, मग सापडली. चौकटीखाली तो वाकला नाही, कपाळ आपटलं, आणि त्याचं त्याला काही वाटलं नाही. तो येऊन त्याच खुर्चीवर बसला, या वेळी सरळ, शहाण्या मुलासारखे दोन्ही हात टेबलावर ठेवून. खोलीभर वास पसरला. भाऊजीने तोंड फिरवलं.

"ताई," तो म्हणाला, एकेक शब्द सांभाळत, "आण तुझी कार्डं. आता विचार. आता बरोबर आकडा येईल."

ताईला रडू कोसळलं. भाऊ तिच्याकडे बघत पहिल्या प्रश्नाची वाट पाहत बसला.